ख्रिस सौमोकिल: एका कलमावर उभं राहिलेलं राज्य

२५ एप्रिल १९५० रोजी इंडोनेशियाच्या पूर्वेकडच्या मालुकू बेटांवर, अंबोन शहरात ‘रेपुब्लिक मालुकू सेलातान’, म्हणजे दक्षिण मालुकू प्रजासत्ताक, जाहीर झालं. त्या घोषणेचा मजकूर मुळातून वाचण्यासारखा आहे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात बहुधा पूर्वज येतात, सांडलेलं रक्त येतं, मातीची शपथ येते. इथे तसं काहीच नाही. जेमतेम परिच्छेदभर मजकूर, आणि तो कोर्टात दाखल केलेल्या अर्जासारखा चालतो. आधी लोकांची इच्छा, मागणी आणि आग्रह. मग ‘प्रत्यक्षात आणि कायद्यानेही’ स्वतंत्र झाल्याचं विधान. लगेच कारणं: पूर्व इंडोनेशिया राज्याला देनपासार परिषदेच्या ठरावांप्रमाणे घटक राज्य म्हणून आपलं स्थान राखता येत नाही, ते ठराव अजून लागू आहेत, दक्षिण मालुकू परिषदेचा ११ मार्च १९४७चा निर्णय आमच्या बाजूचा आहे, आणि जकार्ताच्या संघ सरकारनं गोलमेज परिषदेचे (१९४९ साली हेगला भरलेल्या डच-इंडोनेशियन परिषदेचे) निर्णय व स्वतःचीच राज्यघटना मोडली आहे.

खाली सह्या दोन, जे. एच. मानुहुतू आणि ए. वाइरिसाल यांच्या. हे राज्य पुढे ज्यांच्या नावानं ओळखलं गेलं त्या डॉ. ख्रिस सौमोकिल यांची सही त्यावर नाही. ते परराष्ट्रमंत्री झाले आणि आठच दिवसांत, ३ मे रोजी, राष्ट्राध्यक्ष. त्यांचं पुढचं सगळं आयुष्य म्हणजे या एका परिच्छेदाचा पाठपुरावा आहे असं माझं मत आहे. म्हणून त्यांच्या सैन्याआधी त्यांची कलमं समजून घ्यायला हवीत.

ख्रिस्तियान रॉबर्ट स्टेव्हन सौमोकिल यांचा जन्म १३ ऑक्टोबर १९०५चा, जावा बेटावरच्या सुराबायाचा. घराणं मालुकूचं, जन्म बेटाबाहेरचा. यात नवल नव्हतं. डच राजवटीत अंबोनच्या ख्रिश्चनांना मिशनच्या शाळा, कारकुनी आणि मुख्य म्हणजे वसाहतीचं सैन्य, ‘क्निल’, यांत मोठा वाव होता. त्यामुळे अशी कुटुंबं सगळ्या द्वीपसमूहात पसरलेली असत. सौमोकिल कायदा शिकले ते नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात. तिशीच्या दशकाच्या मध्यास परतून न्यायखात्यात नोकरी. जपानी आले तेव्हा कैद झाली आणि ब्रह्मदेश-थायलंडकडे रवानगी झाली. युद्ध संपल्यावर मकास्सर शहरात पूर्व इंडोनेशिया राज्याचे न्यायमंत्री आणि पुढे प्रोक्युरर-जनरल, म्हणजे सरकारी अभियोक्त्यांचे प्रमुख.

त्यांच्याआधी लायडनहूनच कायद्याची पदवी घेऊन आलेला दुसरा एक मालुकू माणूस इथे आठवायलाच हवा: योहानेस लातुहारहारी. हे १९२७चे पदवीधर, मूळचे सापारुआ बेटाचे. १९४५ साली इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याची तयारी करणाऱ्या समित्यांमध्ये ते बसले होते आणि सुकार्नोंच्या प्रजासत्ताकानं त्यांना मालुकूचा गव्हर्नर नेमलं. तेव्हा मालुकूवर प्रजासत्ताकाचा ताबाही नव्हता. दोघांचं विद्यापीठ एक, धर्म एक, मूळ भूमी एक, आणि निष्कर्ष अगदी उलट. सौमोकिलांच्या बंडाला नुसतं ‘अंबोनी ख्रिश्चनांचं बंड’ म्हणून मोकळं होणाऱ्यांनी ही जोडी समोर ठेवावी.

आता कायद्याकडे. २७ डिसेंबर १९४९ रोजी नेदरलँड्सनं सार्वभौमत्व सोपवलं ते आजच्या एकसंध इंडोनेशियाकडे नव्हे, ‘संयुक्त राज्य इंडोनेशिया’ नावाच्या संघराज्याकडे. त्यात १६ घटक होते: ७ राज्यं आणि ९ स्वायत्त प्रदेश. सुकार्नोंचं मूळ प्रजासत्ताक हे त्या सातांतलं एक. पूर्व इंडोनेशिया हे दुसरं, डिसेंबर १९४६च्या देनपासार परिषदेत जन्मलेलं, राजधानी मकास्सर. सुलावेसी, बालीपासून तिमोरपर्यंतची बेटं आणि मालुकू, असे त्यात १३ प्रदेश. दक्षिण मालुकू हा त्या तेरांतला एक.

गोलमेज परिषदेत मुख्य कराराबरोबर संक्रमणकाळाचा वेगळा करार झाला. त्याचं दुसरं कलम हा सौमोकिलांचा पाया. कलमाचे दोन भाग आहेत आणि ते वेगवेगळे वाचायला हवेत, कारण बहुतेक लिखाणात त्यांची सरमिसळ होते.

पहिला भाग अंतर्गत स्वयंनिर्णयाचा. एखाद्या भूभागातल्या लोकांना संघराज्याच्या आतच वेगळं घटक राज्य हवं का, यावर सार्वमत घ्यायचं. देखरेख संयुक्त राष्ट्रांच्या इंडोनेशिया आयोगाची. पण कोणत्या भूभागात घ्यायचं? आयोगानं शिफारस करायची आणि संघ सरकारनं तो भूभाग ठरवून द्यायचा. दुसरा भाग बाहेर राहण्याचा. अंतिम राज्यघटना तयार झाली की ती मान्य करायची संधी प्रत्येक घटक राज्याला मिळेल, आणि जे राज्य मान्य करणार नाही त्याला संघराज्याशी व नेदरलँड्सशी खास संबंधांबाबत वाटाघाटी करता येतील.

वकिलाच्या नजरेनं पाहिलं तर या कलमात तीन भोकं आहेत.

पहिलं असं की बाहेर राहण्याचा हक्क ‘घटक राज्या’ला आहे. घटक राज्य होतं पूर्व इंडोनेशिया. दक्षिण मालुकू हा त्याचा एक प्रदेश. मकास्सरनं हक्क बजावला नाही तर अंबोनला तो थेट मिळत नाही. दुसरं, सार्वमताची किल्ली संघ सरकारच्या, म्हणजे प्रतिपक्षाच्या खिशात. जकार्तानं भूभाग ठरवूनच दिला नाही तर पुढची पायरी येतच नाही, आणि तसं झालं तर काय करायचं याबद्दल कलम गप्प आहे. तिसरं भोक सर्वांत मोठं. करार नेदरलँड्स आणि इंडोनेशिया यांच्यातला. अंबोनचे लोक त्याचे पक्षकारच नाहीत. कराराचा भंग झाला अशी तक्रार कायद्यानं करू शकत होतं ते हेग, म्हणजे डच सरकार. पण हेगला इंडोनेशियातले मळे, जहाज कंपन्या आणि डचांनी अजून आपल्याकडे ठेवलेल्या पश्चिम न्यू गिनीचा चालू वाद सांभाळायचा होता. एका लहान बेटासाठी ते जकार्ताशी उभा दावा मांडणार नव्हते.

घोषणेत ११ मार्च १९४७चा उल्लेख का आहे हे यावरून लक्षात येतं. त्या दिवशी दक्षिण मालुकू परिषदेनं पूर्व इंडोनेशियात सामील व्हायचं ठरवलं ते अटीवर, बाहेर पडायचा हक्क राखून. पहिलं भोक बुजवायला हाच चुना होता: राज्यानं आपला हक्क सोडला तर आम्ही राज्यातूनच बाहेर पडतो, कारण आम्ही बांधले गेलो होतो ते तेवढ्यापुरतेच. माझ्या मते सगळ्या मांडणीतला हा सर्वांत भक्कम मुद्दा. दुसऱ्या आणि तिसऱ्या भोकाला मात्र उत्तर नव्हतं.

सौमोकिलांची तक्रार खरी होती, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. संघराज्य मोडण्याचा वेग विलक्षण होता. मार्च १९५०मध्ये आणीबाणीच्या कायद्यानं विलीनीकरणाची वाट मोकळी झाली आणि एप्रिलच्या सुरुवातीला सोळांपैकी तीनच घटक उरले: प्रजासत्ताक, पूर्व सुमात्रा आणि पूर्व इंडोनेशिया. अनेक ठिकाणी लोकांनाच प्रजासत्ताकात जायचं होतं, हे खरं. पण करारात लिहिलेलं सार्वमत कुठेही झालं नाही. १७ ऑगस्ट १९५०ला संघराज्य अधिकृतपणे संपलं. आठ महिनेसुद्धा भरले नव्हते.

शेवटची ठिणगी मकास्सरला पडली. क्निलमधून नव्या संघ सैन्यात आलेला कॅप्टन आंदी अझीस यानं ५ एप्रिल १९५० रोजी शहराचा ताबा घेतला. जावाहून येणाऱ्या तुकड्या किनाऱ्यावर उतरू नयेत एवढाच त्याचा हेतू. काही दिवसांत हा प्रयत्न कोसळला आणि अझीस अटकेत गेला. सौमोकिल त्या घडामोडींत होते. मकास्सर हातचं गेल्यावर ते अंबोनला पोहोचले आणि दोन आठवड्यांच्या आत घोषणा झाली. पुढच्याच महिन्यात मकास्सरला मार्टिनुस पुतुहेना पंतप्रधान झाले, पूर्व इंडोनेशिया राज्य विसर्जित करण्याचा कार्यक्रम घेऊन. पुतुहेनाही अंबोनीच.

इथे या राज्याची दुखरी बाजू येते. सार्वमत झालं नाही म्हणून बाहेर पडणाऱ्या प्रजासत्ताकानं स्वतःही मतदान घेतलं नाही. मेळावे झाले, परिषदेची मंडळी जमवली गेली, आणि मागे उभे होते क्निलचे शिपाई. या शिपायांचं सगळं आयुष्य डच सैन्याशी बांधलेलं. नव्या इंडोनेशियात आपल्याला कोण उभं करणार, ही त्यांची भीती पोटातून आलेली होती. पण दक्षिण मालुकूत मुसलमानही मोठ्या संख्येनं होते, आणि सुकार्नोंच्या प्रजासत्ताकाला मानणारा ‘पार्ताइ इंडोनेशिया मर्डेका’ हा पक्ष खुद्द अंबोनमध्ये रुजलेला होता. या लोकांचं मत कधी मोजलंच गेलं नाही. ज्या पायरीच्या अभावावर दावा उभा होता तीच पायरी आपणही गाळली, ही वकील सौमोकिलांची चूक मला सैन्याच्या पराभवापेक्षा मोठी वाटते. युद्धाच्या धामधुमीत मतदान घेणं कठीण होतं, हे मान्य. पण घोषणा आणि पहिला हल्ला यांच्यात अडीच महिने होते.

त्या काळात काय झालं? जकार्तानं वाटाघाटीला डॉ. योहानेस लेइमेना यांना जहाजानं पाठवलं, तेही अंबोनीच. अंबोननं त्यांच्याशी बोलणी नाकारली, कारण बोलणी व्हायची तर संयुक्त राष्ट्रांसमोर, हा आग्रह. कायद्याच्या दृष्टीनं आग्रह सुसंगत होता. जकार्ताच्या दूताशी घरगुती बोलणी केली की प्रश्न अंतर्गत ठरतो. व्यवहारात मात्र शेवटचं दार तिथे बंद झालं. बेटांची नाकेबंदी सुरू झाली. मान्यतेसाठी जगभर तारा गेल्या. एकाही देशानं मान्यता दिली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानं मध्यस्थीची तयारी दाखवली, जकार्तानं ती नाकारली, आयोगानं ऑक्टोबरमध्ये सुरक्षा परिषदेला तसं कळवलं, आणि कागद तिथेच थांबला.

१४ जुलै १९५० रोजी बुरू बेटावर इंडोनेशियन सैन्य उतरलं, पुढे सेराम, आणि २८ सप्टेंबरला अंबोन. ही तारीख विसरता येत नाही. त्याच २८ सप्टेंबरला इंडोनेशिया संयुक्त राष्ट्रांचा साठावा सभासद झाला. ज्या व्यासपीठावर सौमोकिलांना दाद मागायची होती तिथे त्या दिवसापासून प्रतिपक्षाला खुर्ची होती आणि फिर्यादीला दारही नव्हतं.

लढाई अटीतटीची झाली. अंबोनच्या बाजूला क्निलच्या कमांडो तुकड्यांत तयार झालेले शिपाई होते; लहान गट, अचूक नेम, दडून मारा. शहरातल्या व्हिक्टोरिया किल्ल्याभोवती ४ नोव्हेंबरला लेफ्टनंट कर्नल स्लामेत रियादी मारले गेले, वय अवघं तेवीस. मोहिमेचे प्रमुख कर्नल कावीलारांग यांनी या लढतीतून जो धडा घेतला त्यातूनच एप्रिल १९५२मध्ये पश्चिम जावात कमांडो तुकडी उभी राहिली. आजचं ‘कोपासुस’ हे विशेष दल तिचंच पुढचं रूप. नोव्हेंबरमध्ये अंबोन शहर पडलं, बरंचसं जळालं, आणि सौमोकिल सरकारसह सेरामच्या जंगलात गेले.

आता याच सुमारास नेदरलँड्सच्या कोर्टांत काय चाललं होतं ते पाहू, कारण सौमोकिलांच्या बाजूनं कायदा खरोखर बोलला तो तिथेच. इंडोनेशियन सैन्याच्या वाहतुकीसाठी केपीएम या डच कंपनीची जहाजं वापरली जात होती. तिच्याविरुद्ध अॅमस्टरडॅमला दावा लागला. १९५०च्या अखेरीस आणि १९५१च्या सुरुवातीला तिथल्या न्यायालयांनी कोणत्याही देशानं न मानलेल्या या प्रजासत्ताकाला दावेदार म्हणून उभं राहू दिलं. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी हा निकाल अवश्य पाहावा: मान्यता नसलेल्या राज्याला कोर्टात अस्तित्व असतं का, या प्रश्नाच्या चर्चेत तो आजही निघतो. पण अंबोन तोवर पडलं होतं.

दुसरा खटला शिपायांचा. क्निल २६ जुलै १९५० रोजी बरखास्त झालं. जावा आणि इतरत्र अडकलेल्या अंबोनी शिपायांनी इंडोनेशियाच्या ताब्यातल्या भूमीवर सेवामुक्त व्हायला नकार दिला. आम्हाला अंबोनला किंवा न्यू गिनीला सोडा, ही मागणी. हेगच्या न्यायालयानं डिसेंबर १९५०मध्ये त्यांचं म्हणणं उचलून धरलं: त्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांना इंडोनेशियन भूमीवर मोकळं करता येणार नाही. अंबोनला पाठवायला जकार्ता तयार नाही, न्यू गिनीला पाठवायला हेग तयार नाही. मग उरला एकच रस्ता. १९५१मध्ये शिपाई आणि त्यांची कुटुंबं मिळून सुमारे १२,५०० माणसं जहाजांनी नेदरलँड्सला नेली गेली. पहिलं जहाज ‘कोटा इंतेन’, २१ मार्च १९५१ला रॉटरडॅमच्या धक्क्याला लागलं. तिथे पोहोचताच शिपायांना सैन्यातून काढून टाकलं. मुक्काम काही महिन्यांचा, असं सांगून त्यांना छावण्यांत ठेवलं गेलं. त्यांतल्या वेस्टरबोर्क आणि फुख्त या नाझींनी वापरलेल्या छावण्या होत्या. जिंकलेल्या खटल्याचा शेवट असा झाला.

सौमोकिल त्यांच्यात नव्हते. ते सेरामला राहिले, आणि तब्बल तेरा वर्षं राहिले. हे कसं शक्य झालं?

सेराम हे अंबोन बेटाच्या वीसपटीहून मोठं बेट. मधोमध डोंगर, सर्वांत उंच शिखर बिनाइया ३,००० मीटरच्या वर. किनाऱ्यावर सैन्याचा ताबा, आत पायवाटा. पोटाचा प्रश्न सागो ताडावर सुटतो. साबुदाण्याला नाव मिळालं ते यावरूनच. याला शेत लागत नाही, पेरणी लागत नाही. फुलोरा येण्याच्या बेतात असलेलं झाड हेरायचं, कारण फुललं की खोडातलं सत्त्व फुलाफळांत निघून जातं. झाड पाडून खोड उभं चिरायचं, आतला गर कुटून भुसा करायचा, तो पानाच्या रुंद देठाच्या पन्हळीत टाकून पाणी ओतत मळायचा. पांढरं पाणी गाळून खाली उतरतं, सत्त्व तळाला बसतं. चांगल्या झाडातून शंभर किलोच्या वर निघतं. ते उकळत्या पाण्यात घोटलं की चिकट ‘पापेदा’ तयार. जाळायला कोठार नाही, उपटायला पीक नाही, त्यामुळे नाकेबंदीनं अशी माणसं उपाशी मरत नाहीत. पण कामाला ओढा लागतो, आणि तोडलेलं खोड व भुशाचा ढीग लपत नाही. सागोतून मीठ मिळत नाही, औषध मिळत नाही, काडतूस तर नाहीच.

त्यामुळे राज्य झिजत गेलं. मानुहुतू, वाइरिसाल आणि इतर मंत्री पकडले गेले आणि १९५५ साली त्यांच्यावर खटला होऊन त्यांना काही वर्षांच्या कैदेच्या शिक्षा झाल्या. सौमोकिलांच्या हाती उरलं ते पद आणि मोजकी माणसं. सेरामवरच त्यांनी संसारही केला. पत्नी आणि एक मुलगा. सुटका करून नेदरलँड्सला जाण्याऐवजी ते बेटावरच थांबले यामागे मला पुन्हा वकीलच दिसतो: राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या भूमीवर आहे तोवर ‘प्रत्यक्षात’ हा शब्द निदान कागदावर जिवंत राहतो.

२ डिसेंबर १९६३ रोजी ते पकडले गेले. खटला जकार्ताला, लष्करी न्यायालयापुढे. एप्रिल १९६४मध्ये मृत्युदंड सुनावला गेला. सोबतच्या मंत्र्यांना चार-पाच वर्षं आणि यांना मृत्यू, हा फरक मधल्या तेरा वर्षांचा. शिक्षा मात्र लगेच अमलात आली नाही. दोन वर्षं गेली. ११ मार्च १९६६ला सत्तेची सूत्रं सुहार्तोंकडे गेली आणि १२ एप्रिल १९६६ रोजी जकार्तासमोरच्या सहस्रद्वीपांतल्या उबी बेटावर सौमोकिलांना गोळ्या घातल्या गेल्या. १९६२ साली इस्लामी राज्य मागणाऱ्या दारुल इस्लाम चळवळीचे कार्तोसुविर्यो यांनाही त्याच बेटावर मारलं होतं.

पत्नी आणि मुलगा त्याच वर्षी नेदरलँड्सला गेले. जुलै १९६६मध्ये हेगच्या इंडोनेशियन दूतावासाला मालुकू तरुणांनी आग लावली. राष्ट्राध्यक्षपद योहान मानुसामा यांनी परदेशातून चालवलं. छावण्यांत वाढलेली पिढी आई-बापांपेक्षा अधीर होती. ३१ ऑगस्ट १९७०ला वासेनार इथलं इंडोनेशियन राजदूतांचं घर ताब्यात घेतलं गेलं. २ डिसेंबर १९७५ला विस्टरजवळ रेल्वेगाडी अडवून प्रवासी ओलीस ठेवले, त्यांतल्या काहींना मारलं. सौमोकिल पकडले गेले त्याला त्या दिवशी बरोबर बारा वर्षं झाली होती. १९७७मध्ये डे पुंट इथे दुसरी गाडी. तिचा शेवट सैन्याच्या हल्ल्यानं झाला, सहा अपहरणकर्ते आणि दोन ओलीस मेले. ओलीस धरलेले प्रवासी कुठल्याच कलमाचे पक्षकार नव्हते, आणि त्यांच्या मृत्यूला मला सौमोकिलांच्या युक्तिवादात कुठे जागा सापडत नाही.

ऑक्टोबर २०१०मध्ये इंडोनेशियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुसिलो बांबांग युधोयोनो नेदरलँड्सच्या दौऱ्यावर निघायच्या बेतात असताना परागंदा प्रजासत्ताकानं हेगच्या न्यायालयात अर्ज केला: ते इथे उतरले की त्यांना अटक करावी. युधोयोनो यांनी अगदी निघता निघता दौरा रद्द केला. न्यायालयानं अर्ज फेटाळला.